उदात्त, भय आणि विश्वरूपदर्शन

मराठी समीक्षेत ‘उदात्त’ हा शब्द बहुधा ‘भव्य’ या शब्दाच्या जोडीनेच वावरतो. उत्तुंग पर्वत, खवळलेला सागर यांचा निर्देश केला की उदात्ताचे विवेचन संपले, असे मानले जाते. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रातील मूळ विचार याहून सूक्ष्म आहे. एडमंड बर्कने १७५७ साली भय हे उदात्ताचे मूलतत्त्व ठरविले. मात्र संकट अतिनिकट असल्यास केवळ भीतीच उरते, हेही त्याने सांगितले. कांटने १७९० साली उदात्ताचे अधिष्ठान वस्तूतून काढून द्रष्ट्याच्या मनात नेले. कल्पनाशक्ती थिटी पडताच प्रज्ञेला स्वतःच्या श्रेष्ठत्वाची जाणीव होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. द्रष्टा सुरक्षित असावा, ही अट दोघांनाही मान्य आहे.

या अटीची परीक्षा ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) अकराव्या अध्यायात होते. तेथील अर्जुन तटस्थ प्रेक्षक नाही. दोन्ही पक्षांचे योद्धे विश्वरूपाच्या मुखात शिरताना तो पाहतो आणि भयाकुल होऊन परिचित चतुर्भुज रूपाची याचना करतो. बर्कच्या मताने येथे उदात्ताचा लोप व्हावयास हवा. ज्ञानेश्वरांचा श्रीकृष्ण मात्र अर्जुनालाच दोष देतो: अमृताचा सागर लाभल्यावर बुडण्याच्या धास्तीने त्याकडे पाठ कोण फिरवील? या दृष्टान्तात भय हे उदात्तानुभवाचे मूळ न राहता त्यातील विघ्न ठरते. कांटच्या श्रेष्ठत्वाच्या जाणिवेलाही येथे अवकाश नाही. कारण ज्याने श्रेष्ठ ठरावे, त्या ‘मी’लाच बुडावयाचे आहे.

भय अर्जुनाचे आहे, वाचक तर सुरक्षितच असतो, असा आक्षेप यावर संभवतो. पात्राचा भाव आणि सहृदयाचा रस यांतील भेद रससिद्धान्तास मान्यच आहे. परंतु वाचकाच्या प्रत्ययाविषयी बोलतानाही ज्ञानेश्वर भयानकाला प्राधान्य देत नाहीत. या अध्यायात शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे, असे ते आरंभीच सांगतात. इतर रसांना पंक्तीचा मान मिळाला, तरी यजमानपद शांताकडेच राहते.

तेव्हा मराठीतील उदात्ताची चर्चा आकारमानाशी थांबणे इष्ट नव्हे. विराटाच्या सान्निध्यात अहंतेचे काय होते, हा प्रश्न तिने अग्रभागी ठेवला पाहिजे. त्यासाठी कांटइतकेच ज्ञानेश्वरांचे रसविवेचनही आधारभूत ठरेल.