औंधचा डोंगर आणि समकालीनाची जागा

सातारा-सांगलीकडील दृश्यकलेचा विचार करताना ‘समकालीन’ ही संज्ञा कालवाचक मानून भागत नाही. कलाकृती कोणत्या कलाकृतींच्या शेजारी आणि कोणत्या प्रेक्षकासमोर उभी आहे, यावरही तिचे समकालीनत्व ठरते. औंधचे श्रीभवानी संग्रहालय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते यमाईच्या डोंगरावर उभारले. तेव्हा धुरंधर हयात होते, हेन्री मूर ऐन चाळिशीत होता; आज रविवर्मा, धुरंधर आणि मूरचे ‘माता व बालक’ हे शिल्प एकाच वास्तूत आहेत. राजा स्वतः चित्रकार होता, पण त्याची रुची कथनाची, रामायणातील प्रसंगांची. मूरच्या पाषाणात प्रसंगच नाही.

या विसंगतीकडे आपल्या समीक्षेने ‘राजाची हौस’ म्हणून पाहिले, तर मुख्य मुद्दा निसटतो. येथे येणारा प्रेक्षक बहुधा देवीच्या दर्शनाला आलेला असतो. रविवर्म्याच्या चित्रातील कथा तो ओळखतो. मूरच्या मातेत ओळखण्याजोगे तपशील फारसे नाहीत. तरी शेंदूर फासलेल्या तांदळ्यापुढे हात जोडणाऱ्याला अल्पाकार दगडात मातृत्व पाहणे अवघड का जावे? ग्रामीण प्रेक्षकाला आधुनिक शिल्प कळत नाही, हे गृहीतक मुंबईच्या कलादालनांत तयार झालेले आहे. डोंगरावर ते टिकत नाही. (देशीवादाच्या चर्चेत हे शिल्प क्वचितच येते, हेही नोंदवावेसे वाटते.)

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि संग्रहाचा वारसा झाला. जतन आवश्यकच, परंतु हयात कलावंताची कृती जुन्या कृतीशेजारी ठेवण्याचे धाडस ही वेगळी गोष्ट आहे. औंध संस्थानाचाच भाग असलेली आटपाडी आणि किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत. किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांसारख्या चित्रकार-संपादकाने मासिकाच्या पानालाच दालन केले होते. १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’चा अभिमान बाळगणाऱ्या सांगलीने भाव्यांच्या नावे नाट्यगृह उभारले, चित्राला मात्र तेवढ्या मानाची भिंत मिळाली नाही.

नवे कलाभवन बांधण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. मूरच्या शिल्पालगतची एक भिंत दरवर्षी या दोन जिल्ह्यांतील एका हयात चित्रकाराला द्यावी, आणि त्या शेजारात त्याचे चित्र तग धरते की नाही, हे समीक्षकांनी भीड न बाळगता लिहावे.