८ कुत्री, २६ आठवडे: एवढ्यावर काय सिद्ध होतं?

अंधेरी-बोरिवलीतल्या एखाद्या पेट शॉपमध्ये आयात केलेल्या श्वानखाद्याची पिशवी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. काहींवर 'आफको'च्या पद्धतीने प्राण्यांना खाऊ घालून चाचणी केल्याचं लिहिलेलं असतं. आफको म्हणजे अमेरिकेतल्या खाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. हे वाक्य वाचून आपल्याला हायसं वाटतं. पण तुम्हाला संशोधन करायचंय ना? मग इथेच थांबा आणि विचारा: चाचणी म्हणजे नेमकं काय केलं?

प्रौढ कुत्र्यांसाठीचा आराखडा साधा आहे. किमान ८ कुत्री, २६ आठवडे, फक्त तेच खाद्य. त्यातली २ मध्येच बाहेर पडली तरी चालतं. शेवटी पशुवैद्यकीय तपासणी आणि रक्ताच्या चार चाचण्या. कुठल्याही कुत्र्याचं वजन १५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये.

आता गणित करा. समजा, एखाद्या खाद्यामुळे दर १० पैकी एका कुत्र्याला त्रास होतो. तर आठही कुत्री ठणठणीत दिसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे साधारण ४३ टक्के. म्हणजे इतकं सदोष खाद्यही जवळजवळ निम्म्या वेळा पास होईल. शिवाय सहा महिन्यांत हळूहळू वाढणारा आजार दिसेलच असं नाही. १९८७ मध्ये पायन आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या हृदयविकाराचा संबंध टॉरिनच्या कमतरतेशी जोडला. ती मांजरं बाजारातलं तयार खाद्यच खात होती.

नैतिकतेची चर्चा बहुतेक वेळा पिंजऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पिंजरा महत्त्वाचा आहेच. पण ज्या अभ्यासातून उत्तरच मिळणार नाही, त्यासाठी प्राणी सहा महिने कोंडणं हाही अन्यायच, मग त्याला कितीही मायेने वागवा. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांची संख्या कमी करा असं सांगितलं, त्याचा अर्थ 'कमीत कमी आकडा लिहा' असा नाही. उत्तर मिळायला लागतील तेवढेच घ्या, असा आहे.

'मग चाचण्या बंदच करा' हे म्हणणंही मला पटत नाही. तसं केलं तर प्रयोग थांबत नाही, तो मुलुंड-घाटकोपरच्या घराघरांत सरकतो. फरक इतकाच की तिथे कुणी रक्त तपासत नाही आणि मालकाला आपण प्रयोगात आहोत हे माहीतही नसतं. त्यापेक्षा मालकाची संमती घेऊन, घरी राहणाऱ्या कुत्र्यांवर, जास्त संख्येने आणि जास्त काळ केलेला अभ्यास बरा. नोंदी थोड्या विस्कळीत होतील, पण कुत्रा आपल्या घरी राहील.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. संस्थेच्या नैतिकता समितीकडे जावं लागतं, आणि कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी पुढे केंद्रीय समितीकडेही. प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाचा खर्च संशोधनाच्याच खर्चात धरायचा असतो.

उद्या परळला किंवा आरेतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल, तेव्हा संख्येच्या रकान्यात '८' लिहिण्याआधी दोन ओळी लिहा: हाच आकडा का, आणि अभ्यास संपल्यावर ही कुत्री जाणार कुठे? या दोन ओळी जमत नसतील, तर प्रस्ताव अजून तयार नाही.