कागद कोणता, परीक्षा कसली?

मंडळी, सायबर सुरक्षेत यायचं म्हटलं की मुलांचा, आणि त्यांच्याहून जास्त पालकांचा, प्रश्न ठरलेला: डिग्री की सर्टिफिकेट? हिशेब मांडला जातो तो फक्त फीचा. एका बाजूला इंजिनिअरिंगची चार वर्षं, दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांचा क्लास. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे. परीक्षा उमेदवाराकडून नेमकं काय करून घेते, हा रकानाच त्यात नसतो.

सीईएच घ्या. क्लासच्या जाहिरातींत हे नाव मोठ्या अक्षरांत असतं. मूळ परीक्षा चार तासांची, १२५ प्रश्न, सगळे बहुपर्यायी. नाव ‘एथिकल हॅकर’, पण एकाही यंत्रात शिरून दाखवावं लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षा आहे, सहा तासांची, पण ती वेगळी. मग एवढं वजन कशाचं? एक मोठं कारण म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या काही कामांसाठी हे सर्टिफिकेट मान्य केलं. तिथे ती नोकरी करणाऱ्याला ते उपयोगाचं आहेच. नाशिकच्या मुलाने त्यासाठी कर्ज काढावं का? माझ्या मते, नाही.

आता ओएससीपी बघा. २३ तास ४५ मिनिटं दिलेल्या यंत्रांत शिरायचं, आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यायचा. कुठून शिरलो, कोणती कमांड दिली, स्क्रीनवर काय आलं, सगळं असं लिहायचं की वाचणाऱ्याला ते जसंच्या तसं करून पाहता यावं. यंत्र जिंकलंत पण अहवाल अपुरा, तर गुण गेले. मला हा दुसरा दिवस जास्त मोलाचा वाटतो. कॉलेजात प्रोजेक्ट रिपोर्ट कुठून येतो, ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या बॅचकडून! (हशा)

हसण्यावारी नेऊ नका. २०२२ पासून सर्ट-इनचा नियम आहे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. त्या ६ तासांत चार धड ओळी लिहिणारा माणूस लागतो.

मग डिग्री वाया का? तसंही नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून. ते कसं घडलं हे समजायला कार्डाचा व्यवहार स्विचमधून बँकेपर्यंत कसा जातो, ते कळावं लागतं. त्याला लागणारं नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस डिग्रीच्या अभ्यासक्रमात असतं. शिकवतात कसं, हा वेगळा विषय. आणि कंपनीच्या अर्जात पदवीचा रकाना असतो, तोही सोडता येत नाही.

पण डिग्रीचा गर्वही नको. सीआयएसएसपीला पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. चार वर्षांच्या पदवीने त्यातलं किती माफ होतं? एक वर्ष. तेवढीच सूट त्यांच्या यादीतल्या एखाद्या सर्टिफिकेटनेही मिळते. शिवाय सर्टिफिकेटांना मुदत असते. सिक्युरिटी प्लस तीन वर्षांनी संपतं. नूतनीकरणाचा खर्च क्लासवाला कधी सांगत नाही.

ज्याच्याकडे आत्ता पैसे नाहीत, त्याने डीव्हीडब्ल्यूए घ्यावं. मुद्दाम कच्चं ठेवलेलं वेब ॲप्लिकेशन आहे, फुकट मिळतं. फक्त स्वतःच्याच संगणकावर, बाहेरून कोणी पोहोचणार नाही असं चालवा. एक त्रुटी शोधा, दोन पानं लिहा, मराठीत लिहिलीत तरी चालेल, आणि या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तो कुठे अडतो ते बघा.

हं, आता प्रश्न घेऊ.