छायाचित्रकाराचा दौरा

दौऱ्याचा कार्यक्रम आखणे ही आपणांपैकी बहुतेकांच्या हाडीमासी भिनलेली गोष्ट आहे. कोणत्या तारखेस कोठे मुक्काम, काय तपासावयाचे, कोणास भेटावयाचे, हे कागदावर उतरल्याखेरीज पाऊल उचलावयाचे नाही, ही नोकरीने लावलेली शिस्त. बदलीच्या गावी कॅमेऱ्यात फिल्मचे रीळ घालून हिंडणारे रसिकही आपल्यांत थोडे नाहीत. आणि त्या प्रदेशातील जीवनाची एक सलग चित्रमालिका आपल्या हातून व्हावी, ही आकांक्षा त्यांतील कित्येकांच्या मनात असते. अशा कार्याचा आराखडा आधी किती आखावा? दोन थोर उदाहरणे या बाबतीत उद्बोधक ठरतील. दोन्ही अमेरिकेतील आहेत आणि पहिले तर एका सरकारी कचेरीचेच आहे.

मंदीने आणि अवर्षणाने खचलेल्या शेतकऱ्यांसाठी १९३५ साली तेथे जे खाते निघाले, त्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा होता. तो स्वतः छायाचित्रकार नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक. दौऱ्यावरील छायाचित्रकारांना तो विषयांच्या लेखी याद्या पाठवी. त्यांत केवळ दैन्य नसे. संध्याकाळी माणसे घरी काय करतात, हेही टिपण्यास तो सांगे. न आवडलेल्या निगेटिव्हांना भोक पाडून त्या बाद करण्याचा त्याचा खाक्या मात्र आजही क्लेश देतो. तथापि पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्हांचा जो संग्रह या कचेरीतून उभा राहिला, त्याचे श्रेय त्या याद्यांनाही द्यावे लागेल.

पण या संग्रहातील सर्वांत गाजलेले चित्र यादीतून आलेले नाही. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग काम आटोपून मोटारीने घरी निघाली होती. कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. ती पुढे गेली. सुमारे वीस मैलांनंतर मनाची टोचणी असह्य होऊन परतली. मुलांना बिलगून बसलेल्या त्या चिंताग्रस्त मातेचे चित्र त्या परतण्यातून लाभले. कार्यक्रम संपला होता. दृष्टी संपली नव्हती.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडहून १९४७ साली अमेरिकेत आलेल्या रॉबर्ट फ्रँकचे. गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी त्याने जो अर्ज केला, त्यात रात्रीचे शहर, मोटारींचा तळ, हमरस्ता, तीन मोटारींचा धनी आणि एकही नसलेला माणूस असे काही विषय नोंदले होते. पण काम पुढे जाईल तसा त्याला आकार येईल, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले होते. आपल्या कचेरीत असा प्रस्ताव आला असता, तर त्यावर कोणता शेरा पडला असता, याची कल्पना वाचकांनी करावी! १९५५ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि जुन्या फोर्ड मोटारीतून तो देश पालथा घालू लागला. आर्कान्सामध्ये पोलिसांनी त्याला संशयावरून अटकही केली. त्याच नोव्हेंबरात, न्यू ऑर्लीन्समध्ये एका मिरवणुकीची छायाचित्रे घेत असता तो वळला आणि समोरून जाणारी ट्रॅम त्याने टिपली : पुढच्या खिडक्यांत गोरे, मागच्या खिडक्यांत काळे. वर्णभेदावरील एखाद्या ग्रंथाचे काम त्या खिडक्यांच्या एका ओळीने केले आहे.

७६७ रिळे, सुमारे २७,००० चित्रे. आणि पुस्तकात अवघी ८३. ‘द अमेरिकन्स’ हे पुस्तक १९५८ साली पॅरिसमध्ये आणि १९५९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. हजारावर चित्रे छापून, भिंतींवर लावून, त्यांतून फ्रँकने ही निवड केली. माझ्या मते त्याचा खरा आराखडा येथे आहे. प्रवासापूर्वीचा कागद त्याला केवळ घराबाहेर काढण्यापुरता होता. कशामागून काय यावे, राष्ट्रध्वजाचे चित्र कोठे कोठे पुन्हा दिसावे, ही रचना प्रवासानंतरची. फिल्म धुतली जाईपर्यंत काय साधले ते दिसत नाही, ही उणीव मानली जाते. वस्तुतः तीच पाहणे आणि पारखणे यांत अंतर ठेवते.

एवढे गुण मान्य करूनही एक आक्षेप नोंदवलाच पाहिजे. फ्रँकच्या माणसांना नावे नाहीत. चित्राखाली बहुधा केवळ स्थळ. लँगनेही त्या मातेचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स टॉमसन हे तिचे नाव जगाला कळले ते १९७८ साली, आणि या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही खंत तिने तेव्हा बोलून दाखवली. याद्या करणारा स्ट्रायकर आणि याद्या टाळणारा फ्रँक, दोघांच्याही योजनेत जिचे चित्र घ्यावयाचे त्या व्यक्तीसाठी रकाना नव्हता. नाव छापावे की नाही, हा पुढचा प्रश्न. तिची इच्छा विचारणे आणि तिला प्रत पोहोचवणे, हे तरी आधीच ठरवता येते.

परगावी नेमलेला अधिकारी ना पाहुणा असतो, ना गावकरी. या अर्ध्या परकेपणाने दृष्टी तीक्ष्ण होते, हे फ्रँकने सिद्ध केले आहे. पण अधिकाऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे लोक ‘नको’ म्हणावयास कचरतात, ही अडचण फ्रँकला नव्हती, आपल्याला आहे. म्हणून मुक्काम, रिळे आणि ऋतू यांची आखणी जरूर करावी. मागे वळण्यापुरता वेळ त्यात मोकळा ठेवावा. आणि रिळांच्या क्रमांकाबरोबर एक वही ठेवून तीत प्रत्येक माणसाचे नाव व पत्ता त्याला विचारून लिहावा. बदलीचा हुकूम आला की गाव सुटते. त्या वहीतील शेवटची प्रत टपालात पडेपर्यंत आपला दौरा संपला, असे समजू नये.