‘बहुधा’, ‘हटकून’ आणि नित्य औषध

लिंगोत्थान-दोषावर टाडालाफिल हे औषध अल्प मात्रेत, म्हणजे अडीच वा पाच मिलिग्रॅम, रोज घेण्यास अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. त्याचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे साडेसतरा तास लागतात. त्यामुळे नित्य सेवनाने पाच दिवसांत ते स्थिर पातळीस पोहोचते. ही स्थिरता रक्तातील होय, परिणामातील नव्हे. मराठीत दोहोंनाही ‘नियमित’ हेच विशेषण लागते आणि घोटाळा तेथेच होतो. उद्दीपनावाचून औषध निष्क्रिय राहते. मधुमेहाने मज्जातंतू क्षीण झाले असल्यास गुणही कमी येतो.

परिणामाचे सातत्य मोजले जाते ते शब्दांनी. १९९७ साली प्रसिद्ध झालेली पंधरा प्रश्नांची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली औषध-चाचण्यांत प्रमाणभूत मानली जाते. मागील चार आठवड्यांविषयीच्या तिच्या अनेक प्रश्नांची उत्तरे क्रियाविशेषणांच्या पायऱ्यांनी द्यावयाची असतात. ‘कधी कधी’ला ३ गुण, त्यापुढे ‘सुमारे निम्म्या वेळा’ असा खुलासा आहे, हे रचनाकारांच्या भाषिक जाणिवेचेच लक्षण. मराठी भाषकाचे ‘कधी कधी’ मात्र निम्म्याहून पुष्कळच खाली असते. ‘बहुधा’ तर वारंवारता सोडून संभाव्यतेकडे वळते : ‘तो बहुधा येईल’. भाषांतरकाराने खुलासा गाळल्यास रुग्णाचे गुण औषधाने नव्हे, क्रियाविशेषणाने बदलतील.

सर्वांत वरच्या पायरीवर ‘जवळजवळ नेहमी’ व ‘नेहमी’ यांना एकत्र बसवून ५ गुण दिले आहेत. ज्या भेदासाठी रुग्ण रोज गोळी घेतो, तोच येथे पुसला जातो. ‘हटकून’ला स्वतंत्र स्थान नाही. त्याहून गंभीर दोष शून्याचा. समागमाचा प्रयत्नच न झाल्यास ० गुण पडतात, म्हणजे ‘जवळजवळ कधीच जमले नाही’ याहूनही एक कमी. पत्नी महिनाभर माहेरी असली तरी दोष पतीच्या शरीराचा! ‘जमले नाही’ आणि ‘प्रसंगच आला नाही’ या विधानांतील भेद कोणताही भाषक सहज पाळतो. गुणांकनाने तो पाळलेला नाही.

प्रत्येक प्रयत्नानंतर ‘होय’ वा ‘नाही’ नोंदविण्याची दैनंदिनी यापेक्षा निःसंशय बरी. तीत स्मृतीवर व क्रियाविशेषणावर भिस्त नाही. पण तिचीही अखेर सरासरी काढली जाते. समजा, ती ६० टक्के आली. याचा अर्थ प्रत्येकास दहापैकी सहा वेळा यश, की दहांपैकी सहा जणांस हटकून आणि चौघांस मुळीच नाही? पहिल्या अर्थी औषध बेभरवशाचे, दुसऱ्या अर्थी निवडक रुग्णांस पूर्ण भरवशाचे. आणि नुसत्या सरासरीवरून यांतील कोणता अर्थ घ्यावा हे सांगता येत नाही.