थराला वय असते

हिंगोलीकडे गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, पडक्या भिंतींनी ती चढली. महारवाडा मात्र कडेलाच राहिला. ‘हे सनातनच’ म्हणणाऱ्यांपुढे मी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची पांढरी ठेवतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती खणली. माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे तीन कालखंड निघाले. मध्यभागी प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर, पश्चिमेला कारागीर, ही ढवळीकरांची मांडणी. इथे विषमता दिसते. पण तेवढ्यावरून अस्पृश्यता सिद्ध होत नाही. कडेचे प्रत्येक घर महारवाडा समजणे हा आपलाच आळस. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास मांडला. म्हणजे तिलाही वय आहे. जे माणसांनी रचले, ते माणसांना मोडता येते.