सात अक्षरांची चाल, पाच अक्षरांचे शब्द

'तू आलास' आणि 'तू आलीस' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हिब्रू त्याही पुढची. तिथे 'तू'च दोन : पुरुषाला 'अता', बाईला 'अत'. नपुंसकलिंगाची पळवाट नाही. देवाला हाक मारली की त्याचं लिंग ठरलंच, आणि हजारो वर्षं ते पुल्लिंगी ठरत आलं.

'बारुख अता अदोनाय', म्हणजे 'धन्य तू, प्रभू', ही ज्यू आशीर्वचनांची ठरलेली सुरुवात. सात अक्षरं. स्त्रीवादी प्रार्थनांत तिचं स्त्रीलिंगी रूप 'बेरुखा अत या' झालं ('या' हे देवाचंच नाव). व्याकरण चोख, पण अक्षरं पाच. जुन्या चालीत ते बसवायला गेलं की दोन अक्षरांची जागा मोकळी राहते आणि गाणारी शेवटचा 'या' ताणत बसते. आपल्याकडे विठोबाची विठाई झाली तेव्हा अक्षरं तीनची तीनच राहिली; हिब्रूचं नशीब तितकं चांगलं नाही.

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. उभ्याने म्हणायच्या 'अमीदा' प्रार्थनेच्या सुरुवातीला अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या देवाचं स्मरण असतं. उदारमतवादी सभास्थानांनी त्यांना सारा, रिबेका, राहेल आणि लेआ जोडल्या. बाप तीन, आया चार, आणि शेवटच्या दोघींचा क्रम प्रार्थनापुस्तकागणिक वेगळा. बहुतेक ठिकाणी जुनीच चाल चार पावलं लांबवली जाते, आणि ते ठिगळ कानाला कळतं.

अमेरिकन ज्यू गायिका डेबी फ्रीडमनने (1951–2011) ठिगळ लावलं नाही. रुग्णांसाठीची 'मी शेबेराख' ही प्रार्थना तिने ड्रोरा सेटेलबरोबर 1980च्या दशकाच्या अखेरीस नव्याने रचली. एका कडव्यात आधी पूर्वज मग पूर्वजा, दुसऱ्यात उलट. स्वर तेच, जागा बदललेल्या. अमेरिकेतल्या असंख्य सभास्थानांत आज लोकांना हीच प्रार्थना मूळची वाटते. पण या यशाची किंमतही मोजावी लागली. गिटार, सोपं धृपद, सगळ्यांनी मिळून म्हणायची उन्हाळी शिबिराची लकब : नंतरच्या कितीतरी जणींनी तेवढंच उचललं. शब्द धीट, चाल मात्र लाडीगोडीची.

कवयित्री मार्शिया फॉकने 1996च्या 'द बुक ऑफ ब्लेसिंग्ज'मध्ये 'तू'लाच रजा दिली. तिचं आशीर्वचन 'नेवारेख'ने सुरू होतं, म्हणजे 'आपण धन्य म्हणू या'. असं क्रियापद मराठीतही लिंग सांगत नाही. जुन्या आशीर्वचनात देवाला म्हटलेल्या 'राजा'च्या जागी जीवनाचा झरा आला. इथे जुनी चाल ताणून भागत नाही, नवी बांधावीच लागते. माझ्या मते संगीताला खरं आव्हान देणारी संहिता हीच.

याएल कनारेकचं 'तोराता' याहून टोकाचं. तोरा म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ; नावाचा अर्थच 'तिची तोरा'. तामार बियालाच्या साथीने तिने हिब्रू बायबलमधली लिंगं उलटी केली. गंमत अशी की तोरा ज्या स्वरखुणांवर म्हणतात त्यांना याचं फारसं काही वाटत नाही. 'वायोमेर' म्हणजे 'तो म्हणाला', 'वातोमेर' म्हणजे 'ती म्हणाली' : अक्षरं तेवढीच, आघातही तिथेच. जग उलटं झालं तरी पारंपरिक पठण अडखळत नाही. ऐकणाऱ्याला धक्का बसतो तो त्यामुळेच.

संहितेला हात न लावणाऱ्याही आहेत. अ‍ॅलिशिया जो रॅबिन्सच्या 'गर्ल्स इन ट्रबल' या गीतमालेत बायबलमधल्या बाया व्हायोलिनच्या संगतीने, इंग्रजीत, स्वतःच्या तोंडून बोलतात; पहिला अल्बम 2009चा. जेरुसलेमची व्हिक्टोरिया हाना कर्मठ घरातली, रब्बीची मुलगी. ताल्मूद या ज्यू धर्मग्रंथातल्या एका वचनाच्या आधारे कर्मठ पुरुष बाईचं गाणं ऐकायचं टाळतात. ती काय करते? 2015च्या तिच्या गाण्यात हिब्रूची मुळाक्षरं म्हणते. आलेफ, बेत, गिमेल; पाठशाळेतल्या पोरांसारखी, पण ओठ, दात, टाळू यांवर अक्षर कसं आपटतं ते दाखवत. एकही शब्द बदललेला नाही, तरी वरच्या कितीतरी दुरुस्त प्रार्थनांपेक्षा हे मला जास्त बंडखोर वाटतं.

शब्द न बदलताही गाणं बायकांचं होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, म्हणजे बेने इस्रायलींनी, 1880च्या सुमारास मुंबईत बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. लिंगबदलाचा विचार तिथे कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे कीर्तनं मागे पडली, बहुतेक समाज इस्रायलला गेला, आणि ती पदं जपली मुख्यतः बायकांनी. त्या ती अजूनही मराठीतच गातात.